शब्दभ्रमकाराचे आत्मकथन : आर्थर सॅमिश यांची कारकीर्द

‘लॉबिस्ट’ या संज्ञेला मराठीत समाधानकारक पर्याय नाही. ‘दलाल’ म्हणताच निंदा आधी येऊन उभी राहते. ‘मध्यस्थ’ म्हणावे तर दोन्ही पक्षांपासून समान अंतर सूचित होते. पेशवाईतील ‘वकील’ अर्थाने अधिक जवळचा, कारण तो परक्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडत असे. परंतु त्याची नेमणूक उघड होती. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात सुमारे दोन दशके वर्चस्व गाजविणारे आर्थर सॅमिश (१८९७-१९७४) यांचे बळ अप्रकट राहण्यात होते, आणि त्यांचा ऱ्हास प्रकट होण्याच्या मोहातून झाला. हा मोह व त्यातून पुढे सिद्ध झालेले आत्मकथन हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या सत्तेची पार्श्वभूमी साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. फ्रँक नॉरिस यांच्या ‘द ऑक्टोपस’ (१९०१) या कादंबरीतील रेल्वे कंपनीचा विळखा कॅलिफोर्नियाच्या राजकारणावरही होता. १९१० मध्ये हायरम जॉन्सन तो तोडण्याची प्रतिज्ञा करून राज्यपालपदी निवडून आले. १९१३ पासून उमेदवारास दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुका एकाच वेळी लढविण्याची मुभा मिळाली; ती १९५९ पर्यंत टिकली. हेतू शुद्ध होता. मात्र पक्षसंघटना क्षीण झाल्या, उमेदवार एकाकी पडला आणि त्याच्या निवडणूकखर्चाचा भार उचलणाऱ्यास विधिमंडळाचे दार मोकळे झाले. सुधारणेनेच सॅमिश यांच्यासाठी जागा करून ठेवली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

मद्यनिर्माते, बसकंपन्या, घोड्यांच्या शर्यतींचे चालक हे त्यांचे अशील. बिअर उत्पादक पिंपामागे पाच सेंट देत. त्या निधीतून उमेदवार उभे केले जात. निवडून आलेल्याला वळविण्यापेक्षा वळलेल्याला निवडून आणणे त्यांना सोयीचे वाटे. सॅक्रामेंटोत विधानभवनासमोरील ‘सेनेटर’ हॉटेल हे त्यांचे ठाणे होते. फिलब्रिक यांच्या चौकशी अहवालाने (१९३९) त्यांचे व्यवहार उघड केले, तरी त्यांचे आसन डळमळले नाही. आकडेवारीने जे साधले नाही ते पुढे एका छायाचित्राने साधले, ही बाब लक्षणीय आहे.

१९४९ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात लेस्टर वेली यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी सॅमिश यांनी मांडीवर फाटक्या वेशातील बोलका बाहुला बसवून छायाचित्र काढून घेतले. बाहुल्याचे नाव ‘मिस्टर लेजिस्लेचर’. मराठी वाचकाला येथे ‘अर्धवटराव’ आठवतील. पण अर्धवटराव आपल्या धन्याला उलट उत्तर देतात, हा बाहुला मुका आहे. समोरच्या माणसाला भाजलेला बटाटा हवा, बाई हवी की पैसा, हे आपण पाहताक्षणी ओळखतो, अशी प्रौढीही त्यांनी मिरविली. सॅमिश यांच्या अशिलांच्या हितसंबंधांपुरते तरी त्यांचे वजन आपल्याहून अधिक असल्याचे राज्यपाल अर्ल वॉरन यांनी स्वतःच मान्य केले. लोकक्षोभ उसळला, विशेष अधिवेशन भरले आणि लॉबिस्टांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९५१ मध्ये केफॉवर समितीने त्यांची साक्ष घेतली. १९५३ मध्ये प्राप्तिकर चुकविल्याबद्दल ते दोषी ठरले व सव्वीस महिने तुरुंगात राहिले. विधिमंडळ वेठीस धरल्याबद्दल मात्र त्यांना शिक्षा झाली नाही.

१९७१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. निवेदन प्रथमपुरुषी आहे. मुखपृष्ठावर मात्र बॉब थॉमस हे सहलेखकाचे नावही आहे. थॉमस हे हॉलिवूडचे वार्ताहर, चित्रपटसृष्टीतील व्यक्तींचे चरित्रकार. दुसऱ्यांच्या तोंडून बोलणाऱ्या माणसाने स्वतःची कथा दुसऱ्याच्या लेखणीतून सांगावी, हा योग मार्मिक आहे. येथील ‘मी’ कोणाचा, असा प्रश्न सहलेखित आत्मचरित्रांविषयी नेहमीच उपस्थित होतो. परंतु या संहितेत तो प्रश्न नायकाच्या व्यवसायाचाच प्रश्न ठरतो. त्यामुळे पश्चात्तापाच्या आत्मकथनपरंपरेत या पुस्तकाची गणना करणे मला उचित वाटत नाही. त्याची जात शाहिरी बढाईच्या अधिक निकट आहे. शीर्षकच पाहावे : ‘द सीक्रेट बॉस ऑफ कॅलिफोर्निया’. वेली यांनी हेच शब्द आपल्या लेखमालेला आरोप म्हणून दिले होते. बावीस वर्षांनी सॅमिश यांनी ते स्वतःच्या नावाच्या शेजारी छापून घेतले.