बालेवाडीतून वर्ल्ड कपला

पुण्यातल्या बालेवाडीच्या मैदानाची आठवण आपल्यापेक्षा फिलिपिन्समध्ये अधिक निघत असेल!

२०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा फुटबॉल आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात रंगला. १२ संघांपैकी ५ आग्नेय आशियातले होते: व्हिएतनाम, थायलंड, फिलिपिन्स, इंडोनेशिया, म्यानमार. यजमान भारताला मात्र करोनामुळे स्पर्धा अर्ध्यात सोडावी लागली.

३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई १-१ अशा बरोबरीत अडकले. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनिएलनं फटके तर अडवलेच, वर स्वतः एक गोलही ठोकला. शेवटचा, विजयी फटका सरीना बोल्डेनचा. फिलिपिन्स ४-३नं जिंकलं आणि पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पात्र ठरलं. आठवड्याभरात, ६ फेब्रुवारीला, व्हिएतनामनं त्याच तैपेईला नवी मुंबईत २-१नं हरवून आपलंही पहिलं तिकीट काढलं. बिचारी तैपेई!

आग्नेय आशियातल्या देशांची आपसातली जुगलबंदी जुनी. पुरुषांची प्रादेशिक स्पर्धा १९९६मध्ये ‘टायगर कप’ या नावानं सुरू झाली; त्यात ७ विजेतेपदं मिळवून थायलंड सर्वांच्या पुढे आहे. महिलांची स्पर्धा २००४पासूनची. बालेवाडीनंतर जेमतेम साडेपाच महिन्यांनी फिलिपिन्सनं मनिलात थायलंडला ३-० असं नमवून तीही जिंकली.

२०२३च्या वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडला हरवणारा एकमेव गोलसुद्धा बोल्डेनचाच.