चाळीस मिनिटांचं नेट

"बरोबर चाळीस मिनिटं चालतं, मग जातं," केंद्र चालवणारे काका म्हणाले. नेटवाल्या पोरानं मान हलवली. काका चहा सांगायला बाहेर गेल्यावर मला म्हणाला, "मॅडम, 'बरोबर' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकानं घड्याळ कधीच बघितलेलं नसतं."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे सेवा केंद्र. जूनमध्ये इथे पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, आणि प्रवेशाची तारीख तोंडावर आलेले आईबाप. भाचीच्या दाखल्यासाठी मीही त्याच ओळीत उभी होते. दाराजवळच्या कॉम्प्युटरवर आमचा अर्ज अर्ध्यात अडकला, कुणीतरी "सर्व्हर डाउन" म्हणालं आणि सगळ्या ओळीनं ते मुकाट मान्य केलं. पण भिंतीकडच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच साईट धडाधड उघडत होती. सर्व्हर एकट्या दाराजवळच्या मशीनवरच कसा रुसेल? हे काही डोक्यातून जाईना, म्हणून दुरुस्तीवाला येणार त्या दिवशी मुद्दाम जाऊन बसले.

त्याच्या आधी दोघं येऊन गेले होते. एकानं केबल नवी ओढली, दुसऱ्यानं स्विच बदलला, दोघांनीही बिलं दिली. काका एकेका वस्तूकडे बोट दाखवत होते. "हे नवीन. तेही नवीन. राऊटर तर वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा जळाला, त्यामुळे तोसुद्धा नवाकोरा." नवीन म्हणजे निर्दोष, असा त्यांचा सरळ हिशेब.

पोरानं आधी नेहमीचं उरकलं. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले, म्हणजे केबल सुटली. वीज वाचवण्यासाठी नेटवर्क कार्डाला झोपू देणारी सेटिंगमधली खूणही त्यानं काढून टाकली. मग स्क्रीनवर तीन काळ्या खिडक्या उघडल्या आणि तिन्हींत पिंग सोडून दिलं. एक राऊटरला, एक बाहेर ८.८.८.८ ला, एक साईटच्या नावाला. राऊटर हा घरचा उंबरा धरला, तर हाक उंबऱ्याच्या आत अडते की बाहेर, ते यातून कळतं. हा पिंगचा प्रोग्राम अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला, तोही त्यांच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागायला लागलं म्हणून. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव पडलं. पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडलेलंही नव्हतं.

त्यानंतर तो नुसता बसला. खरं काम हेच, आणि बघणाऱ्याला ते काम वाटत नाही. काका दोनदा येऊन "काही करतोयस का?" विचारून गेले. खिडक्यांमधून उत्तरांच्या ओळी वर सरकत होत्या. चाळीस मिनिटं उलटली तरी नेट शाबूत. काका जरा ओशाळले, मग म्हणाले, "आज तू आहेस म्हणून."

आणखी बऱ्याच वेळानं तिन्ही खिडक्यांत एकदम 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं. राऊटरसुद्धा उत्तर देईना. म्हणजे भानगड घरातलीच. सर्व्हर, कंपनी, रस्त्यावरची फायबर, सगळे सुटले. मधूनच दोनचार उत्तरं यायची, पुन्हा शुकशुकाट. रिस्टार्ट करायला धावलेल्या काकांना त्यानं हातानंच थांबवलं. तेवढ्यात गरम प्लास्टिकचा वास आला. लॅमिनेशन. तो वास मला अजून आठवतो, कारण पोरानं त्याच क्षणी मान वळवली.

"हे मशीन कधी लावलं?"

"आत्ताच. प्रिंटरबरोबर. एकच बटण आहे."

तयार दाखले साठवायचे, आठदहा जमले की भिंतीकडच्या कॉम्प्युटरवरून छापायचे आणि लगेच लॅमिनेट करायचे, अशी इथली रीत. वीजबिल वाचतं. एवढे दाखले जमायला लागणारा वेळ म्हणजेच काकांची चाळीस मिनिटं. आणि छापून झालं की बटण बंद. तोवर इकडे कुणीतरी कॉम्प्युटर रिस्टार्ट केलेला असायचा, त्यामुळे श्रेय रिस्टार्टला.

आधी त्याला लॅमिनेशन मशीनचाच संशय आला, तापताना भरपूर वीज खातं म्हणून. ते एकटं लावून पाहिलं. नेट चालू. प्रिंटर एकटा लावला. नेट गेलं.

मग त्यानं जे केलं ते मी किती जणांना सांगितलंय! दाराजवळच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता बघून घेतला, १९२.१६८.१.१००. त्याची केबल उपसून हातात धरली. स्वतःच्या लॅपटॉपवरून त्याच पत्त्याला पिंग मारलं. उत्तर आलं. पुन्हा आलं. पुन्हा आलं.

"वायर माझ्या हातात आहे, काका. मग बोलतंय कोण?"

बोलत होता प्रिंटर. कधीकाळी कुणीतरी लक्षात राहावा म्हणून त्याला १०० हा पक्का पत्ता देऊन ठेवला होता. जुना राऊटर त्या आकड्यापर्यंत जातच नसे. नवाकोरा राऊटर मात्र वाटप सुरूच करायचा १०० पासून. सकाळी प्रिंटर बंद, आकडा मोकळा, पहिला उघडलेल्या दाराजवळच्या कॉम्प्युटरला तो मिळायचा. प्रिंटर जागा झाला की पत्ता एक आणि दावेदार दोन. राऊटरची उत्तरं कधी इकडे, कधी तिकडे. केबल आणि स्विचवर गेलेले पैसे या एका आकड्यापायी गेले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१९९ क्रमांकाची नोंद रांगेनं पडलेली होती: पत्त्याची टक्कर, आणि समोरच्याचा हार्डवेअर क्रमांकसुद्धा. मशीन रोज तक्रार लिहून ठेवत होतं. आधीच्या दोघांना ती वाचायला वेळ नव्हता, आणि मी त्यांना फारसा दोषही देणार नाही. या धंद्यात पैसे वस्तूचे मिळतात, बसून राहण्याचे नाही.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. राऊटरचं वाटप १२० पासून सुरू केलं, कॉम्प्युटरला नवा पत्ता घ्यायला लावला, प्रिंटरवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करनं १०० लिहिलं.

"तीनशे झाले."

"पार्ट काय टाकलास?"

"काही नाही."

"मग तीनशे कशाचे रे?"

घासाघीस होऊन दोनशे मिळाले. खाली गाडीला किक मारताना तो म्हणाला, केबलचं एक टोक कापून नवा जॅक क्रिंप केला असता तर काकांनी तीनशे हसत दिले असते. पुढच्या ठिकाणी तसंच करणार का, असं मी विचारलं. "बघू," म्हणाला. एका पतसंस्थेतून दोन फोन येऊन गेले होते.