सहा इंचांचा प्रश्न: पुढचा शॉकअप लांब केला की नेमकं काय काय बदलतं?

मागच्या दिवाळीत मूलहून मामेभावाचा फोन आला. "दादा, बाबांच्या बुलेटचे समोरचे शॉकअप सहा इंच लांब करून घेऊन रायलो. लेथवाला तयार हाय. काई होत नाई ना?"

मामा गेल्यापासून ती जुनी, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. भावाला तिची चॉपर करायची होती. लांब पसरलेलं पुढचं चाक, उंच हँडल, मागे बसकी सीट. नुसती शोभेला नाही, तर त्याच गाडीवर रोज मूल-गडचिरोली जाणं-येणं करायचं होतं.

मी लगेच म्हणालो, "नको करू."

तो म्हणाला, "काऊन?"

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनांवर पीएचडी करणारा माणूस मी, पण 'नको' हे माझं मत होतं, निष्कर्ष नव्हता. पेट, सेट, नेटची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हा लेख त्या 'काऊन'चं उत्तर शोधण्याबद्दल आहे. एक गोष्ट बदलली की एकच गोष्ट बदलते, असं आपण गृहीत धरतो. संशोधनातल्या कितीतरी चुका तिथूनच सुरू होतात.

आधी दोन शब्द: रेक आणि ट्रेल

हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं तो दांडा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. उभ्या रेषेशी त्याचा जो कोन होतो त्याला रेक म्हणतात.

आता त्या दांड्याची रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे जमिनीला लागते तो बिंदू टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे असतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं छोटं चाक आठवा. स्ट्रेचर ढकललं की ते चाक आपोआप वळून मागे मागे येतं, कारण ते आपल्या खुंटीच्या मागे टेकलेलं असतं. मोटरसायकलचं पुढचं चाकही काहीसं तसंच वागतं, म्हणून ट्रेल असला की चाक सरळ राहू पाहतं.

सूत्र अकरावीच्या त्रिकोणमितीचं आहे:

ट्रेल = (चाकाची त्रिज्या × टॅन रेक) − (ऑफसेट ÷ कॉस रेक)

ऑफसेट म्हणजे हँडलच्या दांड्याच्या रेषेपासून चाकाच्या एक्सलपर्यंतचं लंब अंतर.

अंगणात मोजमाप

भावाला म्हटलं, लेथवाल्याला दोन दिवस थांबव. मी मूलला गेलो. साधनं काय होती? गवंड्याचा ओळंबा, टेप, खडू, एक सरळ लाकडी पट्टी आणि कोन दाखवणारं मोबाइलमधलं ॲप. सपाट फरशीवर एकाने गाडी सरळ धरली, दुसऱ्याने मोजलं. आकडे गोल करून असे आले: त्रिज्या ३२० मिमी, रेक २७ अंश, ऑफसेट ५५ मिमी, दोन्ही एक्सलमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस १३७० मिमी. सूत्रात टाकले तर ट्रेल १०१ मिमी. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, पद्धत हीच राहील.

इथे जरा थांबा. मोबाइलने कोन मोजताना एखादा अंश सहज चुकतो. एका अंशाच्या चुकीने ट्रेलमध्ये किती फरक पडतो? या आकड्यांना साधारण ६.५ मिमी. हा हिशोब आधी करून ठेवायचा असतो. पुढे दिसणारा बदल ५ मिमी असता, तर आपल्या मोजमापावरून काहीच बोलता आलं नसतं.

सहा इंच, म्हणजे १५० मिमी

शॉकअप लांब झाला की गाडीचं पुढचं तोंड वर उचललं जातं. अख्खी फ्रेम मागच्या एक्सलभोवती फिरते. ती फिरली की हँडलचा दांडा आणखी मागे कलतो, म्हणजे रेक बदलतो. रेक बदलला की ट्रेल बदलतो. आपण लांबी बदलली, आणि बाकीची यादी अशी निघाली:

रेक २७ अंशांवरून ३२.३ अंशांवर.
व्हीलबेस १३७० मिमीवरून १४४४ मिमीवर.
ट्रेल १०१ मिमीवरून १३७ मिमीवर.

ट्रेलमधला ३६ मिमीचा फरक आपल्या ६.५ मिमीच्या चुकीपेक्षा बराच मोठा आहे. म्हणजे बदल खरा आहे.

"ट्रेल वाढला म्हंजे गाडी सरळ चालन ना? मंग चांगलंच हाय," भाऊ म्हणाला. तर्क बरोबर वाटतो. पण यादी इथे संपत नाही.

हँडल वळवलं की गाडीचा पुढचा भाग किंचित खाली बसतो, आणि त्यामुळे हँडल त्याच बाजूला आणखी पडू पाहतं. याचं माप ट्रेल × साइन रेक × कॉस रेक असं काढतात. आपल्या गाडीत ते ४१ मिमीवरून ६२ मिमीवर गेलं, म्हणजे दीडपट. वेगात हे फारसं जाणवत नाही. पण हळू चालवताना, वळण घेताना, गुरांच्या कळपातून वाट काढताना हँडल हातातून बाजूला पडायला लागतं. म्हणजे सरळ हायवेवर जी गाडी 'स्थिर' वाटते, तीच गावातल्या चौकात जड आणि हट्टी वाटते.

पुढे शॉकअपच्या पाइपचं बघू. खालच्या क्लॅम्पपासून एक्सलपर्यंत समजा ५०० मिमी पाइप बाहेर आहे. तो ६५० झाला. शिवाय जास्त कलल्यामुळे वजनाचा पाइपला वाकवणारा भागही वाढला. दोन्ही मिळून गाडी नुसती उभी असतानाच खालच्या क्लॅम्पपाशी वाकवणारा जोर सुमारे १.५ पट होतो. आणि पाइप किती लवतो हे लांबीच्या घनावर अवलंबून असल्यामुळे ते जवळजवळ २.६ पट होतं. पाइप सगळीकडे सारखा जाड नसतो, म्हणून हे अंदाजाचे आकडे आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. खड्ड्यात चाक आदळलं की काय होईल ते वेगळं सांगायला नको.

लेथवाल्याची पद्धत होती पाइपच्या वरच्या टोकाला आटे पाडून तुकडा जोडायची. या पद्धतीत सांधा कुठे येतो हे सगळ्यात महत्त्वाचं. तो वरच्या आणि खालच्या क्लॅम्पच्या मध्ये राहिला तर त्याला थोडा तरी आधार मिळतो. तुकडा दोन क्लॅम्पमधल्या अंतरापेक्षा लांब केला, तर सांधा खालच्या क्लॅम्पच्या खाली उतरतो. वाकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो तो तिथेच. आणि पाइप कापून वेल्डिंग केलं, तर उष्णतेने सांध्याजवळच्या पोलादाचे गुण बदलतात. वरून क्रोम चकचकीत दिसतं, आत कमकुवत पट्टा तयार झालेला असतो.

फ्रेम ५.३ अंश मागे कलली म्हणजे हेडलाइटही तेवढाच वर बघणार. ३० मीटरवर झोत सुमारे २.८ मीटर वर जातो. हे हेडलाइट खाली करून सुधारता येतं, पण आधी लक्षात यायला हवं. मूलच्या आसपासचे रस्ते तुम्हाला माहीत असतील. रात्री जंगलातून रानडुक्कर किंवा चितळ अचानक आडवं येतं, आणि रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा चिखल डांबरावर पडलेला असतो. चॉपर ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतली चीज, १९६९ च्या 'ईझी रायडर' सिनेमाने जगभर पोचवलेली. त्या लांब, मोकळ्या रस्त्यांसाठी निघालेलं उत्तर आपल्या रस्त्याला लागू पडेलच असं नाही.

'स्थिर' म्हणजे काय?

आता खरा संशोधनाचा भाग. सायकल सरळ का राहते, हा प्रश्न फार जुना आहे. १८९९ मध्ये व्हिपल यांनी तिची गणितं मांडली. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स यांनी मुद्दाम चालवता येऊ नयेत अशा सायकली बनवायचा प्रयत्न केला. एकीत पुढच्या चाकाला उलट फिरणारं जादा चाक लावून फिरत्या चाकाचा परिणाम मारून टाकला, तरी ती चालवता आली. त्यांचा कल ट्रेलच्या बाजूने गेला. पुष्कळ दिवस पाठ्यपुस्तकी उत्तर हेच होतं: एक तर फिरतं चाक, नाही तर ट्रेल.

मग २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कोइमान, मायार्ड, पापाडोपोलस, रुइना आणि श्वाब यांचा निबंध आला. त्यांनी अशी छोटी सायकल बनवली जिच्यात फिरत्या चाकाचा परिणाम रद्द केलेला होता आणि ट्रेल किंचित उणा होता. तरीही ढकलून सोडली की ती स्वतःहून सरळ राहायची. म्हणजे ट्रेल महत्त्वाचा आहे, पण एकटा ट्रेल सगळं ठरवत नाही. वजन कुठे आहे, किती आहे, हँडलसोबत काय काय फिरतं, हे सगळं एकत्र काम करतं.

मोटरसायकलसाठी रॉबिन शार्प यांचा १९७१ चा निबंध पायाभूत मानतात. त्यांनी दाखवलं की अस्थिरता एक नसते. गाडी हळूहळू एका बाजूला पडत जाणं वेगळं, अख्खी गाडी सापासारखी वळवळणं वेगळं, आणि नुसतं हँडल भराभर थरथरणं वेगळं. तिन्हींचे वेग वेगळे, कारणं वेगळी. एक सुधारताना दुसरी बिघडू शकते. पुढे फ्रेम आणि फोर्क लवतात हे गणितात धरल्यावर थरथरीची उत्तरं बदलली. आपला पाइप २.६ पट जास्त लवणार होता, हे आठवलं ना?

म्हणजे "सहा इंच केलं तर काही होतं का?" हा प्रश्न संशोधनाला चालत नाही. चालणारा प्रश्न असा: या गाडीत, या वजनाच्या चालकासोबत, ताशी २० आणि ताशी ७० या वेगांना, यांपैकी कोणती अस्थिरता किती वाढते? सिनॉप्सिसमध्ये 'परिणामाचा अभ्यास' असं लिहिण्याआधी कशावरचा परिणाम, कोणत्या मर्यादेत, कशाने मोजलेला, ही तीन वाक्यं लिहून बघा. समितीचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

माझ्या हिशोबाच्या मर्यादाही सांगतो. चालक बसल्यावर शॉकअप दबतो, ते मी धरलेलं नाही. दोन्ही चाकं सारखी मानली आहेत. हा उभ्या गाडीच्या भूमितीचा हिशोब आहे, धावत्या गाडीचा नाही. गाडी थरथरेलच असं मी सिद्ध केलेलं नाही. एवढंच दाखवलं की एका बदलाने किमान सहा गोष्टी एकदम बदलतात, आणि लेथवाला त्यातली एकच मोजणार होता.

कागदावरचा आकडा

शेवटी आरसी बुक काढलं. त्यात व्हीलबेस लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. आपले ७४ मिमी नेमके त्यात बसत नव्हते.

भावाने आकड्यांचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "आधी नुसतं 'नको' म्हनलं होतं ना, तवा तुयं ऐकलंच नसतं." शॉकअप मूळचेच राहिले. त्याने बॉल रेसर नवे टाकले, ऑइल सील बदलले, सीट बसकी करून घेतली. मामाची बुलेट आता रोज गडचिरोलीला जाते.

तुम्हाला एक काम देतो. घरची कुठलीही दुचाकी घ्या, ओळंबा घ्या, ट्रेल दोन पद्धतींनी काढा: एकदा सूत्राने, एकदा दांड्याला समांतर पट्टी धरून थेट जमिनीवर. दोन्ही उत्तरं जुळणार नाहीत. ती किती जुळत नाहीत आणि का, हे एका पानावर लिहा. प्रबंधातलं मोजमापाचं प्रकरण लिहायचा सराव तिथूनच होतो.