ब्लेंडरमध्ये कार कशी बनवायची? दारातल्या नॅनोची मापं घेऊन



कारचं थ्रीडी मॉडेल करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी नेटवर ब्लूप्रिंट शोधतात. ती मिळतेही. पण बाजूचं चित्र एका वर्षीच्या गाडीचं, समोरचं दुसऱ्याच वर्षीच्या गाडीचं, आणि दोन्ही एकत्र लावली की चाकं काही जुळत नाहीत. मी राहतो देवळाली प्रवरात. इथे स्टुडिओ वगैरे काही नाही, पण गाड्या दारात उभ्या आहेत. शेजारच्या काकांची टाटा नॅनो यंदा पंधरा वर्षांची होतेय. पुन्हा पासिंग करायचं की भंगारात द्यायची, यावर त्यांच्या घरात रोज चर्चा चालते. म्हटलं, जायच्या आत मापं तरी घेऊन ठेवू. पाच मीटरचा टेप, खडू आणि मोबाइल, एवढंच लागलं.

हा जुगाड वाटत असेल तर ऐका. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या पत्नीच्या फोक्सवॅगन बीटलवर बिंदू आणि रेघा आखल्या, पट्टीने मापं घेतली आणि ती कॉम्प्युटरमध्ये भरली. कॉम्प्युटरवर आलेल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी ही एक. त्या विद्यार्थ्यांत बुई तुआंग फाँग होता. पृष्ठभागावरची चमक दाखवणारं ‘फाँग शेडिंग’ त्याच्याच नावाचं.

नॅनो निवडण्याचं अजून एक कारण आहे. गिरीश वाघ यांच्या टीमने पुण्यात घडवलेली ही गाडी जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांसमोर आली. स्वस्त ठेवायची म्हणून तिच्यातले भाग कमी केलेले, त्यामुळे शिकणाऱ्याला ती सोपी जाते. लांबी ३०९९ मिलिमीटर, रुंदी १४९५, उंची १६५२ आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, २२३०. ब्लेंडरमध्ये एकक मिलिमीटर करून आधी याच मापाचा एक खोका बनवा. सगळी गाडी त्याच्या आत बसली पाहिजे.

आता फोटो. मोबाइल जवळ धरून काढलात तर गाडीचं पोट फुगलेलं दिसेल. दहा-बारा मीटर मागे जा, दाराच्या कडीच्या उंचीवर मोबाइल धरा आणि झूम करा. हा फोटो ब्लेंडरमध्ये मागे लावताना लांबीवर नाही, व्हीलबेसवर जुळवा. बंपरची टोकं गोल असतात, ती नेमकी कुठे संपतात हे फोटोत कळत नाही. चाकाचं केंद्र मात्र स्पष्ट दिसतं.

चाकाचं माप टायरवरच लिहिलेलं असतं. नॅनोच्या पुढच्या टायरवर १३५/७० आर १२ आहे. १३५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९४.५. १२ हा इंचातला रिमचा व्यास, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. रिमच्या वर एक बाजू आणि खाली एक बाजू येते, म्हणून ३०४.८ अधिक १८९. व्यास झाला साधारण ४९४. मागच्या टायरवर १५५/६५ आर १२ आहे, त्याचा व्यास येतो ५०६. नॅनोचं इंजिन मागे आहे, तिथे वजन जास्त, म्हणून मागचे टायर रुंद. एकच चाक चार ठिकाणी कॉपी करून लावलं तर इथे चुकेल. चाकाला नटही तीनच आहेत; सवयीने चार काढू नका.

बॉडीची सुरुवात बहुतेक ट्यूटोरियलमध्ये बॉनेटपासून असते. माझं मत वेगळं आहे: आधी चाकांवरच्या कमानी करा. गोल भोक वळणदार पत्र्यात बसवणं हेच कारच्या मॉडेलमधलं सगळ्यात अवघड काम. कमानीभोवती आठ-दहा बिंदू घ्या, त्यांच्यापासून चौकोनी तुकडे बाहेर वाढवत दार, बॉनेट आणि बंपरपर्यंत न्या. त्रिकोण आणि पाच बाजूंचे तुकडे वळणावर टाळा, तिथे पत्रा चिमटल्यासारखा दिसतो.

डावी-उजवी बाजू सारखी, म्हणून मिरर मॉडिफायर लावून अर्धीच गाडी बनवायची. पण सुरुवातीच्या नॅनोला बाहेरचा आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला होता, आणि वायपरही एकच. हे भाग वेगळे ठेवा. पेट्रोलचं झाकण बॉनेटच्या आत आहे, म्हणजे बाजूला ते काढायचं कामच नाही. काकांच्या गाडीच्या डाव्या दाराला पोचा आहे. मी तो सगळ्यात शेवटी, मिरर पक्का केल्यावर घातला. ‘पोचा काढू नकोस, आमच्या गाडीची खूण आहे ती,’ असं काकूंनी बजावलं होतं.

गुळगुळीतपणासाठी सबडिव्हिजन सरफेस वापरतात. यामागचं गणित कॅटमल आणि क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलं. यातले एड कॅटमल युटाचेच विद्यार्थी, पुढे पिक्सारचे संस्थापक. प्रत्येक पायरीला चौकोन चौपट होतात. ३,००० चौकोनांचे १२,०००, मग ४८,०००, मग १,९२,०००. चार जीबी रॅमचा कॉम्प्युटर रडायला लागतो तो इथे. काम करताना पायरी १ ठेवा, रेंडरला २ पुरते. वळण बिघडलंय म्हणून पायरी वाढवू नका. बिंदू कमी करा आणि हलवा. नवं ब्लेंडर जुन्या ग्राफिक्सवर उघडतच नसेल तर त्यांच्याच साइटवर जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात.

वळण बरोबर आहे का, हे राखाडी रंगात समजत नाही. मॅटकॅपमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पर्याय आहे, तो लावून गाडी फिरवा. पट्टी पाण्यासारखी सरकली तर ठीक, मध्येच तुटली किंवा लचकली तर तिथला बिंदू चुकलाय. गॅरेजवाले पेंटिंगआधी पत्र्यावर तिरका उजेड पाडून बघतात, तोच प्रकार.

दारांच्या फटी शेवटी. बॉडी पायरी १ वर पक्की करायची, फटीच्या जागची कड फाडायची आणि दोन्ही कडा १५-२० मिलिमीटर आत वळवायच्या. फट ४-५ मिलिमीटरची ठेवा. पत्र्याला आतून जाडी द्यायची गरज नाही, ती कोणाला दिसत नाही. कडेजवळ एक जादा रेघ (कंट्रोल आणि आर) टाकली की धार टोकदार राहते.

ब्लेंडर दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह करतं, पण ती फाइल टेम्प फोल्डरमध्ये जाते. लाईट गेली की आधी तिथे बघा. आणि मोठा बदल करण्याआधी फाइल नव्या नावाने ठेवा. माझी नॅनो सध्या नॅनो_२३ वर आहे, आतली सीटं अजून बाकी आहेत.