आधी फी ठरवा, मग नाव सांगा: गाळ्याच्या व्यवहारातलं तुमचं कमिशन



दुकानात बसलं की बातम्या आपोआप कानावर येतात. कोणाला गाळा विकायचाय, कोणाला दुसरं दुकान टाकायचंय. चार वर्षांपूर्वी मी अशाच दोघांची गाठ घालून दिली. गाळामालक म्हणाले होते, "तू पार्टी आण, तुझं काय ते बघू." गाळा ६० लाखांना गेला. मला मिळाला पेढ्यांचा बॉक्स. १ टक्का धरला तरी ६० हजार गेले. आणि आजही ते समोर आले की आम्ही दोघंही नजर चुकवतो.

चूक माझीच होती. पार्टीचं नाव आपल्याकडे असतं तोपर्यंतच आपल्या शब्दाला वजन असतं. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण सिद्ध कसा करणार? म्हणून नाव सांगायच्या आधी व्हॉट्सॲपवर एवढं लिहा:

"काका, तुमच्या स्टेशन रोडच्या गाळ्यासाठी माझ्याकडे पार्टी आहे. त्या पार्टीने, त्यांच्या घरातल्या कोणी किंवा त्यांच्या फर्मने १२ महिन्यांत गाळा घेतला, तर करारातल्या किमतीच्या १ टक्का रक्कम करार रजिस्टर होईल त्या दिवशी तुम्ही मला द्याल. मान्य असेल तर 'मान्य' लिहून पाठवा, मग नाव-नंबर देतो."

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. "घरातल्या कोणी" का? कारण बघायला नवरा येतो आणि करार बायकोच्या नावावर होतो. "१२ महिने" का? कारण आज "नको" म्हणणारी पार्टी सहा महिन्यांनी परस्पर जाऊन सौदा करते. "रजिस्टर होईल त्या दिवशी" का? कारण त्यानंतर मालकाला तुमची गरज उरत नाही. 'मान्य' आल्यावरच नाव द्या, तेही त्याच चॅटमध्ये. मग कोणाला कोणी आणलं हा वादच नको. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून स्टॅम्पपेपरवर करून घ्या.

आता तीन सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली, रेरा. रेरा कायदा २०१६ च्या कलम ९ प्रमाणे, नोंदणी झालेल्या प्रोजेक्टमधल्या विक्रीत मध्यस्थी करायला एजंट म्हणून नोंदणी लागते. दुकान आणि ऑफिससुद्धा त्यात येतं. नोंदणी नसेल तर दंड रोजचा १० हजार, वाढत वाढत जागेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. महारेराचा नंबर नसेल तर बिल्डरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये कमिशनच्या भानगडीत पडू नका.

दुसरी, टॅक्स. कमिशन हे उत्पन्न आहे. चेकने किंवा बँकेतूनच घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा. देणारी कंपनी असेल तर २ टक्के टीडीएस कापून देऊ शकते. तुमचा जीएसटी नंबर असेल तर १८ टक्के वरून की त्यातच, हेही आधीच बोला.

तिसरी, घेणाऱ्याला सांगा की मालक मला फी देणार आहेत. नंतर दुसरीकडून कळलं तर तुमचं गिऱ्हाईकही जाईल आणि नावही.

पैशाचं आधी बोलायला लाज वाटते, मान्य. मलाही वाटायची. पण आधी दोन मिनिटं अवघड बोललात, तर नंतर वर्षानुवर्षं नजर चुकवावी लागत नाही. वरचा मेसेज आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.