पुरळ एक, कारणे अनेक

समजा उद्या सकाळी तुमच्या धाकट्या बहिणीच्या अंगावर लाल पुरळ उठले. आजी म्हणेल, "उष्णता झाली." शेजारच्या काकू म्हणतील, "गोवर दिसतो." डॉक्टर मात्र आधी प्रश्न विचारतील. ताप पुरळाच्या आधी आला की नंतर? पुरळ प्रथम कोठे दिसले? खाज सुटते का? घरात आणखी कोणाला आहे का? ही उत्तरे ते लिहूनही ठेवतील.

कशासाठी? कारण पुरळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. गोवरात काही दिवस ताप, सर्दी, खोकला होतो आणि मग चेहऱ्यावर व कानांमागे पुरळ उठून खाली पसरते. खरजेत बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, ती रात्री वाढते. बिब्बा उतला, तर तो जेथे लागला तेथे कातडी सुजते.

पण रोगांची नावे गावोगावी निराळी, भाषा देशोदेशी निराळ्या. मग हिशेब जुळायचा कसा? १८९३ साली झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची सामाईक यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. तिच्या दहाव्या आवृत्तीत गोवर म्हणजे 'बी ०५', कांजिण्या 'बी ०१', खरूज 'बी ८६'. कारण उमगले नाही, तर नुसते पुरळ 'आर २१'. अकराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ पासून, हे संकेत बदलले आहेत.

आता पाहा. एका गावात दहा मुलांना गोवर झाला आणि दहाही नोंदी 'आर २१' अशाच राहिल्या, तर कागदावर साथ दिसणारच नाही! गोवर तर असा सांसर्गिक, की संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो सहवासाने होऊ शकतो. म्हणून शंका असेल तेव्हा 'आर २१' लिहिणे प्रामाणिकपणाचे. पण रक्ततपासणीने कारण कळले, की नोंद सुधारलीच पाहिजे.

देवीच्या निर्मूलनात अशाच पारखीचा उपयोग झाला. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर, अगदी तळहातांवरही दाट येत, आणि एका भागातले सारे एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर अधिक, नवे-जुने एकत्र. प्रत्येक संशयित रोगी असा तपासला गेला. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. तरीही दहाव्या आवृत्तीत देवीचा 'बी ०३' हा संकेत केवळ पाळतीसाठी राखून ठेवला होता.

तेव्हा घरात कोणाला पुरळ उठले, तर ते कोणत्या दिवशी, कोठून सुरू झाले, हे वहीत टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांचे निम्मे काम तुम्हीच केलेले असेल.