शेवटच्या अंकाची साक्ष

शून्याला स्वतःची किंमत नसते, असें आपण लहानपणापासून ऐकतों. पदार्थविज्ञानांत मात्र हें म्हणणें नेहमींच खरें ठरत नाहीं. एखादी वस्तु वाण्याच्या काट्यावर १.२ किलोग्रॅम भरली आणि प्रयोगशाळेंतील तराजूवर १.२०० किलोग्रॅम भरली, तर गणिताच्या दृष्टीनें दोन्ही आंकडे सारखेच. परंतु पहिल्यांत पन्नासएक ग्रॅमांचा फरक लपूं शकतो, दुसऱ्यांत अर्ध्या ग्रॅमाहून अधिक नाहीं. मापनानें ज्यांची हमी घेतली आहे तेवढ्याच अंकांना सार्थ अंक म्हणतात. गणकयंत्र भागाकाराचे दहा अंक दाखवितें म्हणून ते सगळे वहींत उतरवून घेणारा विद्यार्थी, नकळत कां होईना, न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो.

उलटपक्षीं, ज्या अंकाची हमी खरोखर आहे तो टाकून देणें केवढें महागांत पडलें असतें, हें लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाच्या हकीकतीवरून दिसून येईल.

रॅले यांनीं वायूंच्या घनता अत्यंत काळजीपूर्वक मोजण्याचें काम हातीं घेतलें होतें. काचेचा गोल निर्वात करून तोलावयाचा, मग ठराविक दाबानें व उष्णमानानें त्यांत वायु भरून पुनः तोलावयाचा, अशी रीत. ऐकावयास सोपी, पण निर्वात गोल बाहेरील हवेच्या दाबानें किंचित् आकसतो, त्यामुळें तो कमी हवा दूर सारतो आणि वास्तविकाहून जड भासतो. ही चूक प्रत्येक वेळीं एकाच बाजूला होते, म्हणून शंभर वेळां तोलून सरासरी काढली तरी ती जात नाहीं. रेन्योसारख्या निष्णात प्रयोगकर्त्याच्याहि ती ध्यानांत आली नव्हती. रॅले यांनीं १८८८ सालीं तिचा हिशेब मांडला.

पुढें नत्रवायूची पाळी आली. हवेंतील प्राणवायु तापलेल्या तांब्यावरून नेऊन काढून टाकला म्हणजे नत्रवायु उरतो, ही एक रीत. दुसऱ्या रीतींत हवा अमोनियांतून नेत, म्हणजे कांहीं नत्रवायु अमोनियांतून मिळे. हा दुसरा नत्रवायु सुमारें एक-हजारांश हलका भरला. एवढ्याशा फरकाकडे कोणीहि डोळेझांक केली असती. रॅले यांनीं १८९२ सालीं तो फरक ‘नेचर’ पत्रांत जाहीर करून रसायनज्ञांना खुलासा विचारला. शिवाय, फरक झांकण्याऐवजीं तो वाढवून पाहावा, असें त्यांनीं ठरविलें. हवेच्या जागीं शुद्ध प्राणवायु वापरला, तेव्हां सगळा नत्रवायु अमोनियाचाच आला आणि फरक दोनशांत एक एवढा झाला!

अखेरचे आंकडे असे: हवेंतून काढलेला गोलभर नत्रवायु २.३१०२ ग्रॅम, रासायनिक द्रव्यांतून मिळविलेला २.२९९० ग्रॅम. अंतर सुमारें अकरा मिलिग्रॅमांचें. दोनच सार्थ अंक ठेवले असते, तर दोन्हीं ठिकाणीं २.३ लिहून प्रकरण मिटलें असतें. परंतु एकाच रीतीचीं निरनिराळीं वजनें बहुतांशीं चौथ्या दशांशस्थळीं मागेंपुढें होत, आणि हा फरक तर दुसऱ्या स्थळीं होता. तेव्हां तो हाताच्या कंपाचा किंवा तराजूचा नव्हे, हें म्हणण्याचा अधिकार रॅले यांना त्या चौथ्या स्थळानेंच दिला.

मग विल्यम रॅम्से यांनीं हवेंतील नत्रवायु तापलेल्या मॅग्नेशियमकडून पुनःपुन्हां शोषवून घेतला. उरला तो कशाशींच संयोग न पावणारा एक जड वायु. १८९४ सालीं ऑक्सफर्ड येथील सभेंत ही वार्ता जाहीर झाली, आणि ग्रीक भाषेंतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्या वायूला आर्गॉन हें नांव मिळालें. आपण घेतों त्या प्रत्येक श्वासांत तो जवळजवळ शेंकडा एक असतो. १९०४ सालीं रॅले यांस पदार्थविज्ञानाचें व रॅम्से यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

या कथेला एक जुना धागाहि आहे. १७८५ सालीं हेन्री कॅव्हेंडिश यांनीं विजेच्या ठिणग्या पाडून हवेंतील नत्रवायु संपवून टाकला होता. तरी शेवटीं एक बुडबुडा शिल्लक राहिला. तो मूळ नत्रवायूच्या १२० व्या भागाहून अधिक नसावा, असें त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद करून ठेवलें. शंभराहून अधिक वर्षें तो बुडबुडा छापील कागदावर तसाच पडून होता.